कॉलेजात मोटरिंग क्लब काढायचाय? गाडी नसलेल्यांपासून सुरुवात करा

दरवर्षी ॲडमिशनं संपली की कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये पाच-सहा पोरं उभी राहून ठरवतात की चला, आपला पण एक रायडर्स ग्रुप काढू. मग व्हॉट्सॲप ग्रुप होतो, डीपीला कवटी आणि पंख लागतात, एक लोणावळा राईड होते आणि दिवाळीनंतर त्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि 'जुनं हेल्मेट विकायचंय' एवढंच उरतं. पुण्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधले असे ग्रुप सुरू होताना आणि विझताना मी भरपूर बघितलेत, आणि जे टिकले त्यांच्यात मला एकच गोष्ट कॉमन दिसली, ती म्हणजे तिथे मेंबर व्हायला स्वतःची गाडी लागत नव्हती. बसने येणारा पोरगा, होस्टेलवरची मुलगी, ज्याच्या घरी अजून एकच स्कूटी आहे आणि ती वडील ऑफिसला नेतात असा कोणीतरी, ही मंडळी आत असली की क्लबला राईडशिवाय दुसरं काहीतरी करावंच लागतं, आणि ते दुसरं काहीतरीच क्लब चालवतं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने लिहिलंय. पटत नसेल तर रायडर्स ग्रुप काढा, त्याला परवानगी वगैरे पण कोणी विचारत नाही.

माणसं जमवणं

नोटीस बोर्डवर 'तुमच्याकडे कोणती बाईक आहे' असा फॉर्म लावू नका, तिथेच अर्धे लोक गळतात. विचारायचं ते हे, की तुला काय शिकायचंय आणि काय येतं. एकाला पाने-पक्कड धरता येते, एकाला नकाशा आणि आकडेमोड आवडते, एक जण अर्ज झकास लिहितो, एकाच्या मामाचं गॅरेज आहे (हा सोन्यासारखा माणूस, याला सोडू नका). असे दहा-बारा जण मिळाले की झालं, शंभर जणांचा ग्रुप करून त्यातले आठच येणार असतील तर काय उपयोग.

कमिटीत एसई आणि टीईचे (म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे) लोक जास्त ठेवा. बीईवाल्यांचा (शेवटचं वर्ष) उत्साह फार असतो पण जानेवारीनंतर ते प्लेसमेंट, प्रोजेक्ट आणि ट्रीटमध्ये हरवतात. एफईची (पहिल्या वर्षाची) पोरं घ्याच, फक्त एक लक्षात ठेवा की त्यातली बरीच जण सतरा वर्षांची असतात. त्यांनी गिअरची गाडी चालवायची नाही, क्लबच्या कामासाठी तर अजिबात नाही, 'गेटपर्यंतच तर जातोय' असलं पण नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून काही गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय त्या गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिन्यांसाठी रद्द होतं. हे एफईच्या पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकायचं, म्हणजे नंतर कोणी मित्राची बाईक मागत फिरत नाही.

मुलींबद्दल एक बोलायचंच आहे. बहुतेक ग्रुपमध्ये मुलींना मागच्या सीटवर बसवतात आणि रील काढायला सांगतात. अरे, 1888 मध्ये बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न सांगता घेऊन निघाली, दोन मुलांना बरोबर घेऊन, मॅनहाइम ते फोर्झहाइम, शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनने साफ केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं आणि ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं लावून घेतलं. मोटारीने लांबचा प्रवास ही गोष्टच तिथून सुरू झालीय, त्यामुळे जॅक कोणाच्या हातात द्यायचा यावर चर्चा नको. आणि कार्यक्रम होस्टेलच्या वेळेत संपेल असे ठेवा, रात्रीची मीटिंग म्हणजे अर्धा क्लब आपोआप बाहेर.

परवानगी, आणि वर्कशॉपमधले मामा

प्रिन्सिपल सरांच्या डोक्यात 'मोटर क्लब' ऐकलं की दोनच चित्रं येतात, रेस आणि ॲक्सिडेंट. त्यात त्यांचं काही चुकत नाही, काही झालं तर पेपरमध्ये कॉलेजचं नाव येतं, तुमचं नाही. म्हणून अर्जात 'रायडिंग', 'ॲडव्हेंचर' असले शब्द टाकू नका. लिहायचं असं की विद्यार्थ्यांना वाहनाची देखभाल, रस्ता सुरक्षा आणि वाहन क्षेत्रातली माहिती देण्यासाठी क्लब काढतोय, पहिल्या सेमिस्टरमध्ये सगळे कार्यक्रम कॅम्पसमध्येच होतील, आणि खाली त्या कार्यक्रमांच्या तारखा द्यायच्या. तारखा नसलेला अर्ज फायलीत जाऊन बसतो. इनसेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा), सबमिशन आणि ओरलचे आठवडे टाळून तारखा टाका, सर तेच आधी बघतात.

फॅकल्टी को-ऑर्डिनेटर मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाईलचे मिळाले तर छानच, पण नसले तरी चालतं. ज्या सरांचा फोन लागतो आणि जे शनिवारी थांबतात ते सर बेस्ट, मग ते सिव्हिलचे असू देत नाहीतर इंग्लिशचे. आणि वर्कशॉपमधल्या मामांशी पहिल्या दिवसापासून नीट वागा. कॉलेजात हवेचा कॉम्प्रेसर कुठे आहे, कोणत्या ट्रॉली जॅकचं ऑइल गळतं आणि किल्ली कोणाकडे असते हे फक्त त्यांनाच माहीत असतं. त्यांना कार्यक्रमाला पाहुणे म्हणून बोलवा, 'मामा जरा शटर उघडा ना' एवढ्यापुरतं नको.

परवानगीच्या चकरा वाचवायची एक युक्ती म्हणजे जानेवारी. तेव्हा रस्ता सुरक्षेचं अभियान असतं, कॉलेजला कार्यक्रम करून फोटो पाठवायचेच असतात आणि आरटीओचे अधिकारी पण बोलवलं तर येतात. तो कार्यक्रम 'आम्ही करतो सर' म्हणून अंगावर घ्या. नंतर तुमच्या अर्जांवर सह्या पटापट होतात.

पैसे

थोडक्यात सांगतो. सेमिस्टरला दोनशे-तीनशे रुपये वर्गणी पुरते. पैसे कोणा एकाच्या यूपीआयवर घेऊ नका, पहिलं भांडण तिथेच होतं, जिमखान्याच्या किंवा कॉलेजच्या खात्यातून फिरवा, जरा वेळ लागतो पण पावती मिळते. स्पॉन्सरच्या मागे पहिल्या वर्षी धावू नका. कॉलेजजवळच्या टायरवाल्याकडून जुने टायर आणि गॅरेजवाल्या दादांकडून एक बंद पडलेलं इंजिन मागून आणा, हे लोक पैसे देत नाहीत पण वस्तू आणि वेळ देतात, त्याची किंमत जास्त आहे.

पहिली खरेदी टी-शर्टची करू नका!! आधी टायर प्रेशर गेज, ट्यूबलेस पंक्चर किट, जंपर केबल, फर्स्ट एड बॉक्स, आणि 10-11, 12-13, 14-15 असे पाने, एक पक्कड, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, एलन कीचा सेट. पुण्यात असाल तर नाना पेठेत एका चकरेत सगळं मिळतं आणि टूव्हीलरच्या स्पेअर पार्टचं अख्खं जग बघायला मिळतं ते वेगळं. पानाच्या दांड्याला क्लबच्या रंगाची टेप गुंडाळा, नाहीतर 10 नंबर कधी गायब झाला ते कळत पण नाही.

पहिलं सेमिस्टर पार्किंगमध्येच

इथे घाई करू नका, क्लबचा खरा पाया हाच आहे. दर पंधरा दिवसांनी शनिवारी दोन तास, एक विषय, आणि प्रत्येकाच्या हाताला काळं लागलंच पाहिजे.

पहिला विषय टायर. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर वाचायला लावा (मालकाला विचारून). टायरच्या बाजूला डीओटीनंतर एका लंबगोलात चार आकडे असतात, 2322 म्हणजे 2022 सालचा 23वा आठवडा. स्वतःच्या गाडीचा टायर आपण अकरावीत असताना बनलाय की आठवीत हे कळल्यावर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग नक्षीच्या खाचेत आडवा छोटा उंचवटा दिसतो तो दाखवा, रबर झिजून त्या पातळीला आलं की टायर संपला, कारला ही पातळी 1.6 मिलिमीटरवर असते. हवा गाडी थंड असताना मोजायची आणि कारचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवरून घ्यायचा. टायरवरच जो मोठा आकडा छापलेला असतो ती कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते, हे पंपावरच्या माणसालाही कधीकधी सांगावं लागतं.

दुसरा, चाक बदलणं. कोणा सरांची जुनी मारुती मिळाली तर उत्तम. सपाट जागा, हँडब्रेक, पहिला गिअर, आणि जे चाक काढायचंय त्याच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून विटा. आता सगळे घाईने जॅक लावायला जातात, थांबवा. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, कारण उचलल्यावर चाक नुसतं फिरत राहतं. दरवाज्याखालच्या पट्टीला दोन खाचा असतात तिथेच जॅक बसतो, जरा सरकला तर पत्रा दुमडतो. गाडी थोडी वर आली की स्टेपनी त्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर बसेल, पायावर नाही. नट परत लावताना शेजारशेजारचे नाही, समोरासमोरचे आवळायचे, आधी हाताने, मग गाडी खाली घेऊन पान्याने. आणि स्टेपनीतली हवा आत्ताच बघा, कारण बहुतेक गाड्यांमध्ये ती शोरूममधून निघाल्यापासून कोणी बघितलेली नसते. हा प्रकार प्रत्येकाने एकदा एकट्याने करायचा, बाकीच्यांनी हात खिशात ठेवून बघायचं. त्यात दोन शनिवार गेले तरी जाऊ देत.

बाकी विषय भरपूर आहेत. बाईकची चेन साफ करणं आणि तिचा ढिलेपणा मोजणं. इंजिन ऑइल (बहुतेक गिअरच्या बाईकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, म्हणून कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो, डब्यावर जासो एमए लिहिलंय का ते बघायचं). बॅटरी बसली तर जंपर लावायचा क्रम: लाल वायर बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडायला नको. ईव्हीवाल्यांनाही एक दिवस द्या, पण हाय व्होल्टेज पॅकला कोणीही पाना लावायचा नाही, हे आधीच बजावा.

कागदांचा तास, जो सगळ्यांना बोअर वाटतो

एक शनिवार सगळ्यांना गाडीचे कागद घेऊन बोलवा, डिजिलॉकरवर असले तरी चालतात. लायसन्स, आरसी, पीयूसी, इन्शुरन्स. निम्म्यांची पीयूसी संपलेली निघते, ती बाब वेगळी. खरी गंमत इन्शुरन्सच्या कागदात आहे. त्यात 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' असा एक परिच्छेद असतो, तो एकाला उभं करून मोठ्याने वाचायला लावा. त्यात लिहिलेलं असतं की भाड्याने दिलेली गाडी, ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल्स, यातलं काही चालू असताना पॉलिसी लागू नाही. म्हणजे क्लबने साधी 'कोण आधी पोचतं' अशी पैज पोस्टरवर छापली तरी दावा अडकायला कारण मिळालं. त्यामुळे रॅली-बिली करायची असेल तर विमा कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या, एजंट फोनवर 'होऊन जाईल हो' म्हणतो त्याला काही अर्थ नसतो.

कायदा पण सरळ आहे. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पालकांकडून हमीपत्र घ्या, जरूर घ्या, पण त्यावर सही झाली म्हणजे आपली जबाबदारी संपली असं समजू नका. ते पत्र घरच्यांना पोरगा कुठे चाललाय हे कळावं म्हणून असतं.

पहिली राईड

दुसऱ्या सेमिस्टरमध्ये, जानेवारी-फेब्रुवारीत. पावसाळ्यात ताम्हिणी कितीही सुंदर दिसला तरी पहिली राईड तिकडे नको, धुकं, शेवाळलेले कोपरे आणि वीकेंडची गर्दी, वर दरडींमुळे घाटरस्ते मधेच बंद होतात. पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी धरण आणि परत, साधारण 80 किलोमीटर, पहाटे निघून जेवायच्या आत घरी. एक्सप्रेसवेवर टूव्हीलरला बंदी आहे हे पण काहींना सांगावं लागतं, खरंच.

पाच-सहा गाड्यांचे छोटे गट करा, वीस गाड्यांची मिरवणूक नको. प्रत्येक गटात एक पुढचा आणि एक मागचा. पुढच्याला कोणी ओव्हरटेक करायचं नाही, मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही, आणि मागचा म्हणजे उरलेला माणूस नव्हे, तो सगळ्यात अनुभवी हवा, किट आणि फर्स्ट एड त्याच्याकडे. पुढच्याने वेग आपल्या हिशोबाने नाही तर गटातल्या सगळ्यात नवख्याच्या हिशोबाने धरायचा, त्याला पुढच्याच्या बरोबर मागे ठेवला की ते आपोआप जमतं. वळण आलं की प्रत्येकाने आपल्या मागचा आरशात दिसेपर्यंत सुरक्षित जागी थांबायचं, एवढा एक नियम पाळला तर कोणी हरवत नाही आणि गाडी चालवताना फोन बघायची वेळ येत नाही. सरळ रस्त्यावर तिरक्या रांगेत, समोरच्यापासून दोन सेकंदांचं अंतर, ओला रस्ता असेल तर दुप्पट.

हेल्मेट दोघांनाही, आयएसआय मार्कचं, पट्टा लावून. नाहीतर 1,000 रुपये दंड आणि 3 महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं, पण खरं कारण ते नाही हे सांगायला नको. सँडलवाल्याला गेटवरूनच परत पाठवा, पहिल्याच राईडला एकाला परत पाठवलं की पुढच्या राईडला सगळे बूट घालून येतात. पेट्रोल आदल्या दिवशी भरून ठेवायचं. अपघात झाला तर 108 किंवा 112, आणि कोणा अनोळखी माणसाचा अपघात दिसला तरी थांबायचं, जखमीला मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीत कायद्याचं संरक्षण दिलंय. गाडी नसलेले मेंबर मागे बसून येतातच, पण पेट्रोल वाटून घेणं वेगळं आणि 'राईडचे अमुक रुपये सीट' असं तिकीट लावणं वेगळं, पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीवर ते करायचं नाही.

मिसळीचं ठिकाण आधी ठरवा आणि फोन करून जा, तीस जण अचानक आले की मालक वैतागतो.

रॅली, पण सायकलवर

टीएसडी म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली. यात जोरात जाणारा जिंकत नाही, दिलेल्या सरासरी वेगाने बरोबर वेळेला पोचणारा जिंकतो. कॅम्पसमध्ये ही सायकलवर खेळा, भन्नाट होते. जोडी लागते, एक चालवणारा आणि दुसऱ्या सायकलवर नॅव्हिगेटर. ताशी 15 किलोमीटर दिले तर एक किलोमीटरला 4 मिनिटं, म्हणजे कॅन्टीन ते लायब्ररी 500 मीटरला 2 मिनिटं. अंतर कसं मोजायचं? चाकाच्या स्पोकला रिबीन बांधा, जमिनीवर खडूने खूण करून एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते टेपने मोजा, 26 इंची चाकाला साधारण दोन मीटर आणि वर थोडं भरतं, मग फेरे मोजत जायचं. मोबाइलवर मॅप बंद. उशिरा आलात तर सेकंदाला एक गुण कट, लवकर आलात तर दोन. रोडबुक तुम्हीच काढा, वळणांचे बाण आणि त्यापुढे अंतर. कोणता टाइम कंट्रोल (वेळ नोंदवणारा माणूस उभा असतो ती जागा) कुठल्या झाडाआड लपवायचा यावर कमिटीत जेवढी डोकी चालतात तेवढी गॅदरिंगला पण चालत नाहीत. याच्या जोडीला स्लो बाईक रेस ठेवा, 20 मीटर, पाय न टेकता, शेवटी पोचणारा पहिला. जोरात पळवणारे भलेभले पाचव्या मीटरला पाय टेकतात आणि कॉलेजला स्कूटीवर येणाऱ्या मुली जिंकतात, थ्रॉटलचा आणि ब्रेकचा कंट्रोल म्हणजे काय ते तिथे कळतं.

याच्यापुढे खऱ्या मोटरस्पोर्टची कोणाला ओढ लागली तर रस्ता वेगळा आहे. देशात तो एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेच्या अखत्यारीत येतो, त्यांचं स्पर्धेचं लायसन्स काढायचं आणि त्यांनी परवानगी दिलेल्या इव्हेंटमध्ये उतरायचं. बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी गाडी बनवणं हा पण वेगळाच संसार आहे, तिथे लाखांत बजेट, रात्र रात्र वेल्डिंग आणि नियमांचं जाडजूड पुस्तक असतं, अगदी फॉर्म्युला स्टुडंटमध्ये पेट्रोल इंजिनला हवा 20 मिलिमीटरच्या भोकातूनच गेली पाहिजे इथपर्यंत. तुमच्या कॉलेजात अशी टीम असेल तर तिच्याशी गोडीत राहा, त्यांना हात हवे असतात आणि तुम्हाला बघायला खरी गाडी मिळते. पण क्लब आणि टीम एकत्र करू नका, टीमला निवडून माणसं घ्यावी लागतात, क्लबला ते करून चालत नाही.

ट्रिपसाठी कोणी सुचवत नाही अशी एक जागा म्हणजे अहिल्यानगरचं रणगाड्यांचं संग्रहालय. एसटीने जा, सगळे मेंबर एकत्र, कोणाचं लायसन्स बघायला नको.

नाव खराब करणाऱ्या गोष्टी

फटाका सायलेन्सर लावलेल्या गाडीवर क्लबचा स्टिकर नको. पुण्यात पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेत, त्या फोटोत आपला स्टिकर दिसला की प्रिन्सिपलकडे परत जायची सोय नाही. एका चाकावरच्या रीलचं तसंच, क्लबच्या पेजवर टाकली तर मेंबरशिप बंद, मग तो अध्यक्ष असला तरी. हा नियम पहिल्या मीटिंगच्या नोंदीत लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या, कारण वेळ आली की तो मित्रच असतो आणि तेव्हा नवीन नियम करता येत नाही.

पुढच्या बॅचकडे देणं

मार्चमध्येच करा, एंडसेम जवळ आली की कोणी फिरकत नाही. एक जाड वही ठेवा, ड्राइव्हवरची फाइल असेल तर ती पण, पण वही हवीच. त्यात अर्जांच्या कॉपी, कोणत्या सरांनी काय विचारलं, कोणत्या टायरवाल्याने काय दिलं, मिसळवाल्याचा नंबर, प्रत्येक राईडला कुठे अडलं आणि किती वाजता पोचलो. बीईवाल्यांनी ही वही आणि टूलबॉक्सची किल्ली टीईकडे मामांच्या समोर द्यायची, पाने मोजून, आणि जो कमी पडेल तो जाणाऱ्या बॅचने विकत आणून भरायचा. बहुतेक वेळा तो 10-11 चाच असतो.